डिपवाले हटवारजी

आमच्या पंपावर डिझेल भरायला येणाऱ्या कोणालाही आज विचारा, हटवारजी कोण होते? तो हसेल आणि म्हणेल, "ते नाही का जी, ज्यायनं टाकीले भोक पाडलं!" लाखनीच्या आसपासचे ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले, चहाच्या टपरीवाले, सगळ्यांना हटवारजींबद्दल एवढंच ठाऊक आहे. हे ऐकलं की माझं डोकं तापतं. पण राग काढू कोणावर? ही गोष्ट माझ्याच पंपावरून पसरली आणि मी ती अडवली नाही. अडवायला मला एक वाक्य बोलावं लागलं असतं. म्हणून आता लिहायला बसलो आहे. मी काही लेखक नाही, माझा जन्म हायवेवरच्या पंपावर गेला. लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या, पण माणूस मात्र नीट समजून घ्या.

हटवारजी आमच्याकडे आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. मी पंचविशीचा. त्याआधी ते जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात एका ठेकेदाराकडे कामाला होते. तिथं गेटवर रोज खिसे तपासून काडेपेटी काढून घेत, ती शिस्त त्यांच्या अंगात अशी मुरली की आमच्या पंपावर आल्या दिवसापासून त्यांनी स्वतःचंच एक गेट सुरू केलं. ऑफिसच्या दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला. पंपावर पाय ठेवणाऱ्यानं बिडी, काडी, लायटर त्यात टाकायचं आणि जाताना न्यायचं. पुढे मोबाइल आले, तेही त्याच डब्यात जाऊ लागले. माझासुद्धा. मी मालक, मला म्हणायचे, "भाऊ, ठेवा तो डब्यात. टाकीले मालक-नोकर समजत नाही."

पांढरा पायजमा, खाकी शर्ट, पायात रबरी चप्पल. ठिणगी उडेल म्हणून नाल मारलेला जोडा त्यांनी पंपावर कधी घातला नाही, दुसऱ्याला घालू दिला नाही. बोलणं कमी. आवाज बारीक, पण ठाम. आणि सकाळी सहाच्या ठोक्याला सायकल पंपावर हजर. टपरीवाला चहाचा ग्लास घेऊन यायचा आणि दरवेळी एकच उत्तर ऐकायचा, "पयले डिप, मंग च्या."

हे डिप म्हणजे काय ते सांगतो. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. वर दिसतं ते फक्त एक लोखंडी झाकण. ते उघडलं की एक नळी टाकीत उतरते. त्या नळीतून आकडे कोरलेली लांब पितळी सळई तळापर्यंत सोडायची, वर काढायची आणि ती जिथवर भिजली तो आकडा वाचायचा. त्यावरून आत किती माल आहे ते कळतं. काल होता किती, विकला किती, आज उरला किती. यांचा मेळ बसला तर टाकी ठीक. नाही बसला तर कुठंतरी काहीतरी चुकतं आहे. जमिनीखालचं बघायला याशिवाय त्या काळी आमच्याकडे दुसरं साधनच नव्हतं.

बाकी पंपांवरचे लोक सळई हळूच सोडतात. हटवारजींची तऱ्हा वेगळी. तळ वीतभर राहिला की ते सळई हातातून सोडून द्यायचे. आतून टण्ण असा आवाज यायचा. मान तिरपी करून तो ऐकायचे आणि म्हणायचे, "आला. आता माप खरं." मी एकदा विचारलं, "काहो, आवाज कायले पायजे?" तर म्हणाले, "भाऊ, सळई टेकली असं वाटणं अलग आन टेकली हे अलग. खाली गाळ असला तर टेकल्यासारखंच वाटते. लोखंड वाजलं म्हणजे मंग शंका नाही." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, टँकर खाली झाला की आणखी एकदा. आमच्या बाबांना त्या आवाजाचं इतकं कौतुक, की कोणी पाहुणा पंपावर आला तर त्याला थांबवून ऐकवायचे. पाहुणा बिचारा कानात प्राण आणून उभा.

पंपाचे सरकारी नियम सगळे इंग्रजीत. हटवारजी दहावी झालेले, इंग्रजी जेमतेम. त्यांनी काय करावं? लाखनीच्या हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर गाठले. दर रविवारी नियमाचं एक पान घेऊन जायचं, मास्तरांनी मराठीत सांगायचं, यांनी गोल गोल अक्षरात वहीत उतरवायचं. मास्तर काही घेत नसत, म्हणून हंगामात त्यांना तळ्यातले शिंगाडे. असं करत करत दोन वर्षांत वही भरली. टाकीची दाबाची चाचणी ठरल्या वर्षांनी घ्यायची. गळतीचा संशय आला तर ती टाकी त्याच घडीला बंद करायची, रिकामी करायची, तपासायची. गळती झाली तर लपवायची नाही, वर कळवायची. आजूबाजूची विहीर, नाला बघायचा. मला या सगळ्याचा मनस्वी कंटाळा. मी म्हणायचो, "हटवारजी, तुमचं हे कीर्तन पुरे झालं." ते वही मिटायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या साळ्याच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. वरात हायवेनं चालली होती, पुढे बँड, डीजे, आतषबाजी. पंपासमोर आल्यावर पोरांना चेव आला, जावईबापूचा पंप आहे म्हणून ते आतच घुसले. एकाच्या हातात फटाक्यांची लडी. हटवारजी वाळूच्या दोन बादल्या घेऊन नवरदेवाच्या गाडीपुढे उभे राहिले. "नवरदेवाले पायी न्या, लडी तिकडं नाल्यापाशी फोडा, नाहीतर मी ह्या बादल्या बँडवर ओततो." मी सासरच्यांपुढे लाजेनं अर्धा झालो. त्यांना म्हटलं, "अहो, आज तरी!" ते म्हणाले, "आजच तर जी. रोज कोण लडी घेऊन येते?" वरात पायी गेली. नवरदेवाच्या नव्या जोड्याला चिखल लागला. सासूबाई मला पुढे कित्येक वर्षं विचारत होत्या की त्या पंपावर चालतं कोणाचं.

माझंच चालायचं, हीच तर खरी गोष्ट आहे.

एका उन्हाळ्यात डिझेलच्या टाकीचा मेळ बसेना. रोज वीस-पंचवीस लिटर कमी. हटवारजी सकाळी आकडा सांगायचे आणि माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. पंपावर माल कमी भरला की मालकाच्या डोक्यात पहिलं नाव नोकराचं येतं, दुसरं टँकरवाल्याचं. टाकीचं नाव येतच नाही. मी म्हटलं, "ऊन किती आहे, उडालं असंल." ते म्हणाले, "पेट्रोल उडते भाऊ. डिझेल नाही उडत इतकं."

मग मी त्यांच्यावर घसरलो. म्हटलं, "तुमचे डोळे गेले हटवारजी. आकडा चुकीचा वाचून राहिले तुमी." चार माणसांसमोर म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी चार दिवसांची सुटी मागितली. मला वाटलं रुसले. तर गडी भंडाऱ्याला जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आला! खरंच होता थोडा मोतीबिंदू. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असताना पाचव्या दिवशी काळा चष्मा लावून, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पंपावर हजर. "पयले डिप." सळई सोडली, टण्ण झालं, वर काढली. एका डोळ्यानं आकडा वाचला, मग पट्टी वर सारून दुसऱ्यानं वाचला. मग मला जवळ बोलावलं, "तुमी वाचा आता." आकडा तोच. वीस लिटर कमीच. त्यावर मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी टँकरवाल्याशी भांडायला गेलो.

पुढे पावसाळा लागला. आमच्या पंपाच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आहेत. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्या काठोकाठ भरतात आणि जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की विहिरीत वाकून लोटा बुडवावा. आणि काय नवल, डिझेलचा मेळ बसायला लागला! घट बंद. मी खूश. म्हटलं, बघा, जरा डोळे वटारले की चोऱ्या कशा थांबतात.

हटवारजी मात्र जास्तच गंभीर झाले. सळईच्या टोकाला एक मलम लावतात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. रोज सकाळी ते मलम बोटभर लाल निघायला लागलं. म्हणजे टाकीच्या तळाशी पाणी. मी म्हटलं, झाकणातून पावसाचं गेलं असेल. त्यांनी झाकणाला नवी रबरी चकती बसवली, वर ताडपत्री टाकली. तरी लाल. एका दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. बावीस वर्षांत ते माझ्यासमोर खुर्चीवर बसलेले मला हे एकदाच आठवतात.

"भाऊ, टाकीले भोक आहे."

"कशावरून?"

"उन्हाळ्यात बाहेरचं पाणी खाली होतं, तवा डिझेल बाहेर गेलं. आता बाहेरचं पाणी वर आलं, तं थे आत येऊन राहिलं. भोक एकच. बांध्या सुकल्या का पुन्हा डिझेल जाईन. मागं यशोदाबाईची विहीर आहे जी. दहा घरं थ्याच पाण्यावर आहेत."

मी म्हटलं, "चाचणीचं सर्टिफिकेट अजून दीड वर्ष चालू आहे."

ते म्हणाले, "सर्टिफिकेट कागदाचं आहे. संशय आला तं लगेच बंद करायची, असं लिवलं आहे." आणि वही उघडून पान माझ्यापुढे सरकवलं.

मला ते पटलं होतं. हे मी इथं स्पष्ट लिहितो. पटलं नव्हतं असं मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं, ते खोटं. पण रोवणीचे दिवस. चिखलणीला सगळे ट्रॅक्टर बांध्यांत, पंपावर ड्रमांची रांग. डिझेलची एकच टाकी. ती बंद केली तर अख्ख्या हंगामाचं गिऱ्हाईक पुढच्या पंपावर गेलं असतं आणि तिथंच राहिलं असतं. मी म्हटलं, "रोवणी होऊ द्या. मग करू." रोवणी झाली, तेव्हा म्हटलं कापणी होऊ द्या. कापणी झाली, तेव्हा धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशिनं सुरू झाली, त्यांनाही डिझेल लागतं. आमच्याकडे धानाचं काम एकातून एक निघतच असतं. "मग करू" म्हणायला मला रोज नवीन कारण मिळत होतं. आणि दिवाळीनंतर बांध्या सुकल्या तसा टाकीचा मेळ पुन्हा तुटला. हटवारजी रोज आकडा सांगायचे. मी रोज "हं" म्हणायचो.

फाल्गुनात एक दिवस यशोदाबाई गभणे डोक्यावर पाण्याची घागर, आमच्याकडचा गुंड, घेऊन पंपावर आल्या. विधवा बाई, दोन एकर धान, चार शेळ्या, तोंड फाटकं पण मन साफ. गुंड माझ्या टेबलावर आदळला. "प्या मालक."

पाण्यावर मोरपंखी तवंग होता. वास सांगायला नको.

"तुमच्याच टाकीचं आहे ना हे? मंग विकत काहून देत नाही? माह्या विहिरीतून काढून विका!"

हटवारजी दारात उभे होते. त्यांनी गुंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन डिझेलच्या मशिनची मेन बटणं खाली पाडली. मला न विचारता. रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यांना म्हणाले, "बंद. टाकी गळून राहिली." त्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला, खाली स्वतःची सही केली आणि वर पाठवला. मी चिडलो, ओरडलो. ते म्हणाले, "नियमच आहे जी. पण नियम नसता तरी लिवलं असतं. बाईले काय सांगाचं?"

नागपूरहून तपासणीचे साहेब आले, कंपनीचा इंजिनिअर आला. टाकी रिकामी केली, धुतली, आतला वायू काढला आणि क्रेननं उचलून बाहेर ठेवली. आजूबाजूचे लोक जत्रेसारखे जमले होते. भोक सापडायला वेळ लागला नाही. हरभऱ्याच्या डाळीएवढं. डिपच्या नळीच्या अगदी खाली.

तिथला पत्रा वाटीसारखा आत गेला होता आणि मधोमध झिजून फुटला होता. इंजिनिअर तरुण होता, हसतमुख होता, त्याच्या मनात काही वाईट नसावं. तो म्हणाला, "सळई आपटून आपटून गेला पत्रा. एकाच जागी रोज मार बसला, तिथं पाणी साचलं, गंज धरला. डिप कोण घ्यायचं?"

"मी," हटवारजी म्हणाले.

"काका, इतकी वर्षं एकाच जागी ठोकल्यावर दुसरं काय होणार?"

लोक हसले. पंपावरची पोरंही हसली. हटवारजी पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि त्या भोकावरून बोट फिरवलं. "माह्या सळईनं?" असं त्यांनी इंजिनिअरला पुन्हा विचारलं. त्यानं मान हलवली.

मग साहेबांनी मला विचारलं, "नळीखाली जाड प्लेट होती ना?"

आता जे सांगायचं आहे ते हेच आहे. सळईचा मार टाकीच्या पत्र्याला बसू नये म्हणून डिपच्या नळीखाली तळाला एक जाड लोखंडी प्लेट वेल्ड करावी लागते. ती असली तर हटवारजींनी आणखी पन्नास वर्षं सळई सोडली असती तरी काही बिघडलं नसतं. आमच्या टाकीला ती प्लेट कधीच नव्हती. टाकी आली तेव्हा बाबा बाहेरगावी होते, मी एकटा होतो. कारागीर म्हणाला, प्लेट राहिली आहे, दोन दिवसांत लावून देतो. रोवणी तोंडावर आली होती. मी म्हटलं, "सोडा टाकी खड्ड्यात. पुढे कधी रिकामी झाली की लावू." प्लेट लावली आहे असं लिहिलेल्या कागदावर सही मी केली. बाबांना सांगितलं नाही. हटवारजी त्यानंतर महिन्याभरानं कामाला लागले. त्यांनी कागदावर वाचलं होतं की प्लेट आहे, म्हणून ते बिनधास्त सळई सोडायचे. कागद माझा होता.

हे सगळं मला त्या खड्ड्याच्या काठावर लख्ख आठवलं. तळ इतका गंजला होता की तिथं वेल्डिंगची खूण कधी होती की नव्हती हे कोणालाच सांगता आलं नसतं. साहेब स्वतःच म्हणाले, "प्लेटसुद्धा झिजून गेलेली दिसते."

मी म्हटलं, "असेल साहेब."

त्यांनी तसं लिहून घेतलं. पंपाचं लायसन बचावलं. हटवारजी तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी नुसता पत्राच नाही, तर जाड प्लेटही फोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सळई ऑफिसच्या कोपऱ्यात उभी केली. "आता दुसऱ्या कोणाले द्या." मी म्हटलं, "हटवारजी, असं होतच राहते, तुमी मनाले लावून घेऊ नका." किती मोठ्या मनाचा मालक, असं लोकांनी म्हटलं. मला तेव्हा ते ऐकूनही घेता आलं, याची आज लाज वाटते.

डिप सोडलं, पण माणूस सुटला नाही. विहीर उपसायचं काम सुरू झालं, दहा घरांसाठी पाण्याचा टँकर लागला. हटवारजी रोज सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून हायवेच्या पलीकडच्या नळावरून पाणी भरायचे आणि यशोदाबाईंच्या दारात ठेवायचे. साठी उलटलेला माणूस. दिवसाला तीन खेपा. यशोदाबाई म्हणायच्या, "हटवार भाऊ, राहू द्या ना जी, टँकर येऊन राहिला." ते म्हणायचे, "टँकरचं टँकरजवळ. माहं माह्याजवळ." रस्त्यावरची पोरं विचारायची, "काका, आणखी कुठं भोक पाडलं का?" ते कॅन टेकवून दम खायचे आणि पुढे जायचे. मी हे माझ्या खुर्चीतून बघायचो. खुर्चीच्या समोरच तर होता रस्ता.

एकदा यशोदाबाईंनी मला अडवलं. "मालक, टाकी तुमची. पाणी हे काहून वाहून राहिले?" मी म्हटलं, "त्यांचं मन आहे बाई, मी काय सांगू?" त्या म्हणाल्या, "सांगण्यासारखं असंल तं सांगा ना." बाईंना काही माहीत होतं असं नाही. पण मी दुसऱ्या दिवशीपासून मागच्या रस्त्यानं पंपावर जायला लागलो.

सव्वा वर्ष त्यांनी पाणी वाहिलं. मग गुडघे गेले. मुलगी सिहोऱ्याला दिलेली होती, ती येऊन घेऊन गेली. मला कळलं ते दोन दिवसांनी.

मी हे कोणाजवळ बोललो नव्हतो. शेवटी एकदा बायकोजवळ बोललो. तिनं हातातलं काम ठेवलं आणि म्हणाली, "अहो, म्हातारा तुमचं पाप डोक्यावर घेऊन बसला आहे. उद्याच्या उद्या जा." उद्याच्या उद्या जायला मला चार महिने लागले.

हटवारजी आता नाहीत. मागच्या पौषात गेले. तेरवीला मी गेलो होतो, लोक चांगलं बोलत होते, आणि कोणीतरी टाकीची गोष्टही काढली, हसण्यावारी. मुलगी मान खाली घालून वाढत होती. मी पंगतीत बसून जेवलो. उभं राहून बोलायचं ठरवून गेलो होतो.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची भेट, सिहोऱ्याची. मी गाडी घेऊन गेलो. ते ओसरीवर बसले होते, नातीच्या पाटीवर काहीतरी लिहून देत होते. मला बघून उठायला गेले, गुडघ्यामुळे उठता येईना, खांब धरून उठले. मुलीनं चहा आणला. आम्ही पावसाचं बोललो, धानाचं बोललो. यशोदाबाईंच्या विहिरीचं त्यांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं, वास कमी झाला आहे, पण प्यायला अजून परवानगी नाही. त्यांनी पाटी नातीच्या हातात दिली.

मी म्हटलं, "हटवारजी, एक बोलायचं होतं. त्या टाकीचं."

त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायाला हात लावला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस! मी त्यांना धरून उठवायला गेलो, तर त्यांनी माझा हात घट्ट पकडला. "मलेच बोलाचं होतं भाऊ, हिंमत नाही झाली. तुमच्या बाबानं विश्वासानं सळई देल्ली होती माह्या हातात. मी टाकी फोडली, बाईची विहीर नासवली, तुमच्या पंपाचं नाव गेलं. तरी तुमी मले एका शब्दानं बोलले नाही. कोण मालक असा राहते?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ऑपरेशन केलेल्या त्या डोळ्यातूनही.

मी तिथं बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. प्लेट नव्हती, मी लावली नव्हती. मुलगी दारात उभी होती, नात पाटी घेऊन बघत होती, आणि तो माणूस मला देव समजून रडत होता. मला ते वाक्य काढता आलं नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या हटवारजी." आणि चहा संपवला.

ते मला गाडीपर्यंत सोडायला आले, नको म्हणत असताना, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. ते खिडकीशी वाकले.

"भाऊ, नवीन टाकी आली का हो?"

"परवानगी आत्ताच मिळाली. या महिन्यात येईल."

"थ्या नळीखालची प्लेट जरा पाहून घ्या. जाड लावाले सांगा. एकीनं नाही भागत, दोन लावा एकावर एक." त्यांनी खिडकीवर ठेवलेला हात काढला. "माह्यासारखा कोणी आला तं पुन्हा तुमचं नुकसान नको जी."

मी म्हटलं, "हो हटवारजी, दोन लावतो."

त्यांनी हात जोडले. मीही जोडले आणि गाडी काढली.